अव्वाच्या टाकीतलं विरजण

नांदेडला आमच्या प्लँटवर गॅस तयार व्हायचा पण पेटायचा नाही, असे ते दिवस होते. प्लँटशेजारच्या मुलींच्या वसतिगृहात आमच्या शेगडीला काडी धरली की बर्नर नुसता फुसफुसायचा आणि काडीच विझवून टाकायचा. मी पुन्हा दुसरी काडी ओढायचे. तिथली स्वयंपाकीण दारात उभी राहून बघायची आणि सिलिंडरकडे वळायची. तिचं ते पाठ फिरवणं मला फार लागायचं.

शहरातल्या ओल्या कचऱ्यापासून गॅस करायचा हा छोटासा प्लँट, आणि मी तिथली सुपरवायझर. मंडईत उरलेली भाजी, हॉटेलांमधलं खरकटं, मंगल कार्यालयातला शिल्लक भात असं सगळं गाड्यांनी आमच्याकडे यायचं. आम्ही ते निवडायचो, यंत्रात बारीक करायचो आणि पाण्यात कालवून मोठ्या बंद टाकीत सोडायचो. टाकीतले डोळ्यांना न दिसणारे जीव ते खात बसायचे. त्यातून निघालेला गॅस पाइपनं वसतिगृहाच्या शेगडीपर्यंत जायचा. शहरानं टाकून दिलेल्या वस्तूंवर त्या मुलींची भाजी शिजायची, याचा मला मनातून अभिमान होता.

त्या उन्हाळ्यात अवकाळी वारं सुटलं आणि आजूबाजूच्या तालुक्यांतले आंबे कच्चेच झडले. मंडईत कैऱ्यांचे ढीग लागले. लोणच्याला घेऊन घेऊन लोक किती घेणार? ढीग सडायला लागले आणि भरलेल्या गाड्या आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. एवढा निवडलेला, प्लास्टिक नसलेला माल कधी मिळत नाही म्हणून आम्ही सगळेच खूश होतो. टाकीला मात्र ती आंबट रास झेपली नाही. आतलं सगळं आंबून गेलं. गॅस निघत राहिला, पण त्यातला जळणारा भागच नाहीसा झाला होता.

प्लँट बसवून देणारे इंजिनिअर पुण्याला असायचे. फोनवर त्यांनी सांगितलं की नवा कचरा टाकणं बंद करा, बेतानं चुना घाला, आणि एखाद्या चालू गोबरगॅसच्या टाकीतली स्लरी मिळवून आत सोडा. म्हणजे त्या टाकीतला मुरलेला शेणकाला, जिवंत जिवाणूंसकट. मी शोधायला लागले. नांदेडच्या आसपासच्या गावांत टाक्या पुष्कळ होत्या, पण चालू एकही सापडेना. जनावरं विकली गेली होती, घरोघर सिलिंडर आले होते. एका टाकीत भुसा भरून ठेवला होता. दुसरीच्या पालथ्या डोमवर कोंबड्या बसल्या होत्या.

मी रोज संध्याकाळी आईला फोन करायचे. आम्ही तिला अव्वा म्हणतो. आमचं लिंगायत शेतकऱ्याचं घर, गाव जळकोटच्या पुढे, आणि तिकडे घराघरांत कानडी वळणाची ही हाक रुळलेली. वडील म्हणजे अप्पा. त्या दिवशी मी अव्वाला हा सगळा प्रकार सांगितला. म्हटलं, दही बिघडलं की कसं दुसऱ्याच्या घरून विरजण आणावं लागतं, तसं झालंय, आणि विरजण कुठं मिळेना.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझा तर पेटायलाय की."

 गावोगाव हिंडून आले होते आणि ज्या गॅसवर मी लहानाची मोठी झाले तो मला आठवला नव्हता. ती टाकी माझ्या लेखी टाकी नव्हतीच कधी. ते माझं माहेर होतं.

ती अप्पांनी बांधलेली. मी तेव्हा पाळण्यात होते. गोठ्यामागं खोल गोल खड्डा, त्याला आतून विटा, आणि वर पालथा घातलेला लोखंडी डोम. गॅस भरला की डोम हळूहळू वर यायचा आणि स्वयंपाक झाला की पुन्हा खाली बसायचा. शाळेतून आल्यावर मी आणि माझा मोठा भाऊ त्याच्यावर चढून बसायचो. उन्हानं तापलेला असायचा, बूड भाजायचं, तरी उतरायचं नाही. आमच्या वजनानं गॅस जोरात निघायचा आणि आतून अव्वा ओरडायची की दूध उतू जायलंय, खाली उतरा. दर वर्षी दिवाळी झाली की अप्पा डोमला डांबर लावायचे. ते काम त्यांनी कधी गड्याला दिलं नाही.

अप्पा जाऊन काही वर्षं झाली होती. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, माती देतात, त्यामुळे ते आमच्याच शेताच्या बांधाला आहेत. भावाचं लातूरला हार्डवेअरचं दुकान आहे. अव्वानं आपल्याकडं यावं म्हणून तो मागं लागलेला, आणि ती दर वेळी एकच सांगायची की म्हशीला कोण बघंल. एकच म्हैस उरली होती. दूध बेताचंच द्यायची. पण तिच्या शेणावर गॅस चालायचा, आणि तो चालावा म्हणून अव्वा म्हैस सांभाळायची. भावानं आणून दिलेलं सिलिंडर कोपऱ्यात जुन्या लुगड्याखाली झाकलेलं असायचं, परक्या पाहुण्यासारखं.

दुसऱ्या दिवशी मी टेंपोत निळे ड्रम टाकून कंधारमार्गे गावी निघाले. एरवी माहेरी जाताना पिशवीत काहीतरी खाऊ असतो. या खेपेला रिकामे ड्रम खडखडत होते आणि टेंपोचा ड्रायव्हर राहून राहून विचारत होता की ताई, शेण आणायला इतक्या लांब का जायचं. मी त्याला समजावलं, पण त्याला ते पटलं असं वाटलं नाही.

अव्वा वाटच बघत होती. तिनं टाकीभोवतीचं गवत काढून ठेवलं होतं. दोन शेजारी बोलावले होते. त्यांनी बादलीला दोर बांधला आणि उपसायला सुरुवात केली. अव्वा काठावर उभी राहून सांगत होती की वरचं पातळ नको, तळाचं घट्ट काढा. चांगल्या मुरलेल्या स्लरीला घाण वास येत नाही, ओल्या मातीसारखा येतो. तो वास नाकात गेला आणि मला अप्पांचा डांबरानं काळा झालेला हात आठवला, आणि त्या हातानं ते मला लांबूनच, अंगाला न लावता, जेवायला बोलवायचे ते.

ड्रम भरून टेंपोत चढले. अव्वा आत गेली आणि विभूती घेऊन आली. एकेका ड्रमला तिनं तीन बोटं ओढली. ड्रायव्हरनं ते पाहिलं आणि त्यानंतर तो शेणाबद्दल काही बोलला नाही.

मी निघायच्या बेतात होते तर ती आतून पिशवी घेऊन आली. म्हैस शेजारणीच्या हवाली केली होती, दाराला कुलूप घातलं होतं. म्हणाली, "मी बी येते. जिवंत वस्तू द्यायलेय. लागू पडतीय का न्हाई, बघाय नको?"

माझ्या लग्नानंतर अव्वा नांदेडला मोजक्याच वेळा आली होती, आणि तीही कुणाच्या तरी कार्याला, घाईत. माझ्या मनात आलं, टाकी बिघडली हे बरंच झालं.

टेंपोत ती माझ्या आणि खिडकीच्या मधे बसली. आमच्या शेताशी आल्यावर तिनं ड्रायव्हरला जरा थांबायला सांगितलं. उतरली नाही. बांधाकडं बघून हात जोडले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि "चला" म्हणाली.

प्लँटवर स्लरी टाकीत सोडली. आता थांबण्याशिवाय काही करायचं नव्हतं. कचऱ्याच्या गाड्या तात्पुरत्या दुसरीकडे वळवल्या होत्या. मी रोज टाकीतलं थोडं पाणी काढून त्यात रंगाचा कागद बुडवायचे. आंबटपणा कमी होत गेला की कागदाचा रंग बदलतो. अव्वा शेडमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून असायची. कचरा निवडणाऱ्या बायकांशी तिची लगेच ओळख झाली. कुणाचं माहेर कुठलं, कुणाला किती लेकरं, हे मला कित्येक महिन्यांत ठाऊक नव्हतं ते तिला लगेच ठाऊक झालं. एक इस्लापूरकडची निघाली. तिच्याशी अव्वा तिकडच्या धबधब्याबद्दल बोलत बसायची. अव्वानं स्वतः तो पाहिलेला नव्हता, अप्पा नेतो म्हणाले होते, राहून गेलं.

माझे मिस्टर किनवटकडं निवासी शाळेत शिक्षक आहेत. ते शनिवारी येतात, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जातात. मुलगी बाहेरगावी शिकायला. त्यामुळे घरात आम्ही दोघीच. लग्नानंतर इतके दिवस मी आणि अव्वा एका छताखाली कधीच राहिलो नव्हतो. ती ज्वारीची भाकरी थापायची, मी बाजूला ओट्याला टेकून उभी राहायचे. माझ्या सिलिंडरच्या शेगडीशी तिचं जमत नव्हतं. या आगीला लई घाई हाय, म्हणायची.

अशीच एकदा संध्याकाळी ती भाकरी भाजत होती. मी सहज म्हणाले की अप्पांना यंत्रांचा नाद होता म्हणून आपल्याकडं गोबरगॅस आला, नाहीतर तेव्हा गावात कोण असलं काही करत होतं.

अव्वानं भाकरी उलटली. "नाद कशाचा?" ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांपायी केला त्यांनी."

मला हे ठाऊक नव्हतं. मग तिनं सांगितलं. तेव्हा चुलीला कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या जाळायच्या. पावसात त्या ओल्या व्हायच्या आणि घरभर धूर. माझ्या वेळच्या बाळंतपणानंतर तिचे डोळे सुजून लाल झाले, सारखं पाणी वाहायचं. कुणी म्हणे बाळंतीण रडती म्हणून, कुणी म्हणे नजर लागली. ती कुणाला काही बोलली नाही. एके दिवशी मला मांडीवर घेऊन बसली होती आणि माझा चेहरा नीट दिसेना म्हणून माझ्या तोंडावरून हात फिरवून बघत होती. अप्पा दारातून येत होते, त्यांनी ते पाहिलं. विचारलं, काय करायलीस? ती म्हणाली, लेकरू कुणावर गेलंय ते बघायले.

"त्या दिशी जेवले न्हाईत," अव्वा म्हणाली. "सकाळी उठून उदगीरकडं गेले. कुणाच्या तरी मळ्यात असली टाकी हाय म्हणून ऐकलं होतं. आल्यावर खड्डा खांदायला लागले. मला एका शब्दानं सांगितलं न्हाई, कशासाठी खांदायलेत ते."

"मग तुला कसं कळलं?"

"पहिल्यांदा पेटला, तवा मला चुलीपुढं बसवलं. मी म्हनलं, शेणाच्या आगीवर अन्न शिजवायचं म्हंजी वास मारंल. ते म्हनले, वास मारू दे. आता लेकीकडं बघ."

बोलता बोलता तव्यावरची भाकरी करपली. ती तिनं स्वतःच्या ताटात घेतली, मला दिली नाही.  आजवर मी टाकीचा विचार करताना डोम, गॅस, डांबर एवढंच आठवत आले होते. त्या खड्ड्याच्या तळाशी माझा चेहरा होता हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. अप्पांना आता काही विचारता येणार नव्हतं. ते असते तरी त्यांनी हसून विषय बदलला असता, हेही मला माहीत होतं. तरीसुद्धा त्या दिवसानंतर त्यांना एकदा भेटायला मिळावं असं जे वाटायला लागलं, ते अजून कमी झालेलं नाही.

कागदाचा रंग बदलत गेला. टाकीचा आंबट दर्प ओसरला. मग एका संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, आम्ही वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पुन्हा चाचणी घ्यायला गेलो. मी, स्वयंपाकीण, आणि अव्वा. मुली जेवणाच्या खोलीत ताटं घेऊन बसत होत्या. मी कॉक उघडला. आधी नुसती हवा आली. काडी धरली. बर्नरनं एकदा भक्क आवाज केला, ज्योत पिवळी झाली, थरथरली, विझते की काय असं वाटलं, आणि मग कडेनं निळी होत होत सगळीकडे पसरली. स्वयंपाकिणीनं त्याच्यावर लगेच चहाचं पातेलं ठेवलं, जणू उशीर केला तर ज्योत पुन्हा जाईल.

अव्वा शेगडीजवळ गेली. पदर तोंडावर धरून ती किती तरी वेळ ज्योतीकडं बघत राहिली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"ह्यांनी बघायला पायजे होतं," ती म्हणाली.

चहा झाला. पहिला कप तिला दिला. तिनं तो घेतला खरा, पण अर्धा तसाच ठेवला.

दुसऱ्याच दिवशी ती निघाली. मी अजून थोडं राहा म्हणाले, शनिवारी जावई येतील म्हणाले, मुलगी सुट्टीला येईल म्हणाले. तिचं एकच, म्हैस वाट बघत असंल. मला माहीत होतं की म्हशीचं निमित्त आहे. तिला तिच्या शेगडीकडं जायचं होतं. बस स्थानकावर मी तिच्यासाठी खिडकीची जागा धरली, आणि बस गेल्यावरही तिथल्या बाकावर उगाच बसून राहिले. घरी गेल्यावर ओट्यावर तिनं माझ्यासाठी करून ठेवलेली शेंगदाण्याची चटणी होती. ती मी फार पुरवून पुरवून खाल्ली.

नंतरचं जसं घडलं तसं सांगते. पावसाळ्यात अव्वा गोठ्यात घसरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. भाऊ लगेच येऊन तिला लातूरला घेऊन गेला. प्लास्टर निघालं तरी बादली उचलण्याइतका जोर हातात आला नाही. शेणकाला कालवणार कोण? म्हैस शेजारच्या गावातल्या एका कुटुंबाला दिली. अव्वानं दावं सोडून त्यांच्या हातात दिलं आणि आत निघून गेली, असं भावानं मला सांगितलं. टाकी बंद पडली.

लातूरला भाऊ आणि वहिनी तिचं सगळं नीट करतात. तिला स्वतंत्र खोली आहे, पूजेला जागा आहे, गल्लीतल्या बायका येतात. पण तिचं मन तिथं बसलेलं नाही. रोज सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते, तेव्हा ओल्या कचऱ्याची बादली घेऊन तीच खाली जाते. वहिनीला हात लावू देत नाही. एकदा तिनं गाडीवरच्या बाईला विचारलं की हे सगळं नेऊन याचा गॅस करता का. ती बाई म्हणाली, आजी, आमच्याकडं खत करतात. अव्वानं मला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात खरोखरची निराशा होती. मी म्हणाले, खतही चांगलंच असतं अव्वा. ती म्हणाली, "हाव, चांगलं असतंय. पण आग न्हाई की त्यात."

गेल्या थंडीत तिनं हट्टच धरला की घर बघून यायचं. भाऊ गाडी घेऊन लातूरहून तिला घेऊन आला, मी नांदेडहून बसनं जळकोटला उतरले, आणि तिथून आम्ही तिघं गावी गेलो. भावानं कुलूप काढलं. अव्वा घरात थांबली नाही, थेट गोठ्यामागं गेली. डोम तळाला बसला होता. कडेनं गंज चढून पापुद्रे सुटले होते. स्लरी बाहेर पडायच्या खड्ड्यात कसलासा वेल माजला होता आणि त्याला पिवळी फुलं आली होती. भाऊ म्हणाला की खड्डा उघडा ठेवणं धोक्याचं आहे, बुजवून टाकू या. तो चुकीचं बोलत नव्हता. अव्वानं हो म्हटलं. एवढ्या सहज हो म्हणेल असं आम्हाला वाटलं नव्हतं, त्यामुळे आम्ही दोघंही गडबडलो. भावानं तो विषय तिथंच सोडला आणि अजून कुणी खड्डा बुजवलेला नाही.

मग आम्ही शेतात गेलो. अप्पांच्या समाधीवर तिनं बेल वाहिला. बाजूची मोकळी जागा हातानं झाडून साफ केली. ती कशासाठी साफ करते आहे ते आम्हाला कळलं. भाऊ उगाच विहिरीकडं बघायला निघून गेला. मी तिच्याजवळ खाली बसले. ऊन छान पडलं होतं, हरभरा गुडघ्याखाली उभा होता. तिनं हरभऱ्याची भाजी खुडून माझ्या ओच्यात घातली, थोडी भावासाठी बाजूला ठेवली.

परतताना जळकोटच्या स्टँडवर आमचे रस्ते फुटणार होते. ते दोघं लातूरकडं, मी नांदेडकडं. भाऊ गाडी उभी करायला गेला तेवढ्यात अव्वानं माझा हात धरला. तिचं मनगट अजून जरा वाकडंच आहे.

"तू शिकलीस ते लई चांगलं झालं," ती म्हणाली. "फकस्त लांब गेलीस."

  नांदेडची बस लागली होती आणि लोक दारात गर्दी करून चढत होते. तिनंच मला पुढं ढकललं, जागा मिळणार न्हाई, जा म्हणाली, आणि मी चढले.